दोन सेकंदांचा झोका

चंद्रावरच्या वसाहतीत मुलांचं वाचनालय चालवणाऱ्या कुमुद शेवडे यांना त्या सकाळी हुकूम मिळाला. पृथ्वीवर छापलेली विज्ञानाची पुस्तकं काढून टाकायची होती. त्यांतले प्रयोग इथे चुकतात आणि मुलांचा गोंधळ होतो, असं कारण दिलं होतं. अधिकारी मोहिते तर खोकी घेऊन दारात उभेच होते.

तेवढ्यात चंद्रावरच जन्मलेली आठ वर्षांची नीरजा धावत आली. "ताई, पुस्तक खोटं बोलतंय! मीटरभर दोऱ्याला दगड बांधून झुलवला, तर तो दोन सेकंदांत जाऊन परत येतो म्हणे. माझा पाच सेकंद घेतो!"

"बघा, हेच मी म्हणत होतो," मोहिते म्हणाले.

कुमुदताईंनी ओठांवर आलेलं उत्तर गिळलं. "मग तू काय केलंस?"

"दगड बदलला, दोरा बदलला, पन्नासदा मोजलं. तरी पाचच! मग वाटलं, चूक माझी नाही आणि पुस्तकाचीही नाही. पुस्तक लिहिलं तिथली जमीन दगडाला जास्त जोरानं ओढत असणार. किती जास्त, ते दोऱ्यावरून काढता येईल का हो, ताई?"

कुमुदताईंनी कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

मोहितेंनी हातातली खोकी खाली ठेवली. "मी शाळेत याचं सूत्र पाठ केलं होतं," ते हळूच म्हणाले, "पण झोका कधी मोजला नाही."

त्यांनी हुकुमाचा कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, 'प्रयोग इथे चुकतात, म्हणूनच ही पुस्तकं इथे हवीत.'