कुंदाची नीळ

कर्जतजवळच्या तलावावरची बोट पुन्हा आतून भरली. लाटेवर खेळणाऱ्यांसाठी मागे उंच लाट उठावी म्हणून तिच्या पोटात पाण्याच्या पिशव्या असतात. त्यातलीच एक गळतेय, असं बोट सांभाळणारी कुंदा सांगत होती. "तळाचं बूच तुम्हीच विसरलात, तलाव आत आला," म्हणत बोट दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरने कागद सरकवला: माझ्या चुकीमुळे बोटीत पाणी साचले. सही केली की नोकरी गेली. गावचे पंप खोलून शिकलेली कुंदा हसली. "सही कुटं पळतेय, सायेब? बसा जरा." तिने बोट उपसली, कपड्यांची नीळ घालून पिशव्या भरल्या. निळं पाणी आलं ते इंजिनिअरने परवाच बसवलेल्या पिशवीच्या जोडातून, आणि थेट त्याच्या पांढऱ्या मोज्यांत शिरलं. त्याने पाना उचलला. "ऱ्हाऊ द्या, जोड मी आवळते," म्हणत तिने कागद त्याच्यापुढे धरला. "नाव कुनाचं लिवलेलं नाय. तुमी सही करा."