पट्टी सुटायला लागणारा वेळ

"कशी वाटली नवी पट्टी, सिस्टर?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"छान आहे. जखमेला चिकटत नाही, दुखत नाही, दोन मिनिटांत सुटते," कुमुद सिस्टर मनापासून म्हणाल्या.

भाजून आलेली वैजू मात्र गप्पच असायची. वॉर्डात सगळ्यांकडे माणसं येत. हिच्याकडे सासूखेरीज कुणी फिरकलं नव्हतं. काही विचारलं, की उशाशी बसलेली सासूच उत्तर द्यायची, "स्टोव्ह भडकला हो." पट्टी बदलताना तेवढी ती पडद्याबाहेर जायची. जुनी पट्टी भिजवून सोडवायला अर्धा तास लागायचा; नव्या पट्टीने तो एकांतही आटला होता.

आजही पट्टी अलगद सुटली. तेवढ्यात वैजूने सिस्टरांचं मनगट धरलं. ओठ हलले, पण नजर पडद्याकडे गेली.

"झालं का हो?" सासूने बाहेरून विचारलं.

सुटलेली पट्टी तशीच हातात धरून सिस्टर म्हणाल्या, "नाही हो मावशी, चिकटलीय. भिजवायला हवी. तुम्ही कँटीनमध्ये चहा घेऊन या."

चपलांचा आवाज दूर गेला.

"माझ्या आईला कळवाल?" वैजू कुजबुजली. "सासरच्यांनी तिला सांगितलंच नाही. नंबर पाठ आहे मला."