आठावरून तीन

"दहापैकी किती दुखतंय, काकू?" सुया टोचणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने हातमोजे चढवत विचारलं.

"आठ," पालथ्या पडलेल्या बाईने सांगितलं.

"आठ म्हणे!" कोपऱ्यातल्या स्टुलावरून नणंद फणकारली. "रक्त चांगलं, एक्स-रे चांगला, दुखतंय मात्र नखशिखांत."

डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया सांगितलं होतं. नणंदेच्या लेखी ते आळसाचंच शिकलेलं नाव.

बाईला इथून कामावर दाखवायला चिठ्ठी हवी होती. धुलाईखान्यात ती दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री करायची. आता हात खांद्याच्या वर जात नव्हता. 'बसून करायचं काम द्यावं असं लिहून आण, घड्या घालायला बसवतो,' मुकादम म्हणाला होता. 'नाही आणलंस तर इस्त्री कर, नाहीतर घरी बस.'

केसासारखी सुई खांद्यात शिरली. तिच्यात औषध नव्हतं, नुसतीच सुई. आतली गाठ टोपलीतल्या माशासारखी उसळली.

"अगं बाई, हललं की!" नणंद उठून उभीच राहिली.

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाईचं दुखणं डोळ्यांनी पाहिलं. तिने उशीत तोंड खुपसलं.

मुलगी अर्धा तास खपली. वाकून एकेक गाठ चाचपत, घाम कोपराने पुसत, "झालंच हं काकू" म्हणत. शेवटची सुई काढून तिने विचारलं, "आता किती?"

मान जरा मोकळी झाली होती. बाकी अंग ठणकत होतं तसंच होतं. पण एवढ्या राबलेल्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तीन."

मुलीचा चेहरा फुलला. तिने भराभर कामाची चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला.

जिन्यात नणंदेने चिठ्ठी मोठ्याने वाचली. "दुखणं आठावरून तिनावर. नेहमीचं काम करण्यास हरकत नाही." ती थबकली. "अगं, खरंच तीन?"

"आठच आहे, वन्सं."

"मग चल वर. बदलून घेऊ."

दोघी वळल्या. वर दारात ती मुलगी पुढच्या पेशंटला धीर देत होती. "घाबरू नका हो. त्या काकूंना विचारा, एका बैठकीत आठावरून तीन!"

बाईने दुखरा हात जमेल तेवढा उचलून हलवला, आणि कठडा धरून ती खाली उतरू लागली.