वायरीचा फॅन

लेकीनं, तनुजानं, ट्रकचा बेल्टवरचा फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवला, तेव्हापासून आप्पासाहेब धुसफुसत होते. पिशोरहून अद्रक भरून निघाल्यावर तर त्यांनी एकच धोशा लावला.

"वायरीच्या भरवशावर इंजिन थंड राहत नसतं."

"चढावर इंजिन हळू फिरतं आप्पा, मग बेल्टचा फॅनबी हळू फिरतो. नेमकं तिथंच वारं जास्त लागतं."

अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. तनुजानं गाडी कडेला घेतली. फॅन बंद होता.

"मी काय म्हणत होतो?"

तिनं फ्यूजचा डबा उघडला. "फॅन चांगलाय. त्याला करंट देणारा रिले जळालाय. हॉर्नलाबी तसलाच असतो." हॉर्नचा रिले उपटून तिनं फॅनच्या जागी दाबला. फॅन भरारा फिरायला लागला. काटा उतरल्यावर तिनं गिअर टाकला.

"अन् वळणावर हॉर्नचं काय करती?"

"तो तर पिशोरपासून वाजतोय."

पुढचं वळण दिसलं, तशी आप्पासाहेबांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि घसा साफ केला.