थरथर सोसणारी पट्टी

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी खांदे फिरवून पाहिले. कुठेच ठणका नव्हता. मागच्या ऑपरेशनला भुलीच्या औषधाने स्नायूंना झटके बसून अंग इतकं दुखलं होतं, की जन्मभर बाळंतिणींना मालिश करणाऱ्या या बाईला स्वतःचा हात उचलवत नव्हता.

“मावशी, या वेळी औषधाचे झटके तुमच्याऐवजी हिने सोसले. औषधं आधी हिच्यावर तपासली, आणि झटके न देणारं तेवढं तुम्हाला दिलं,” डॉक्टर शेवडे म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या काचेच्या वाटीत द्वारकाबाईंच्याच पेशींपासून वाढवलेली बोटभर स्नायूची पट्टी होती. ती अजून थरथरत होती.

“मग हिचं अंग दुखत असेल की!”

डॉक्टर हसल्या. द्वारकाबाईंनी पिशवीतून तेल काढलं, तळव्यावर चोळून कोमट केलं आणि एका बोटाने पट्टीला हळुवार मालिश करू लागल्या.

“झालं हं, बाई,” त्या पुटपुटल्या. “आता नीज.”

थरथर थांबली.