स्वयंपाकघरातला स्पीकर

“हॉलमधला वाजतो, झोपायच्या खोलीतला वाजतो, अभ्यासिकेतला वाजतो. स्वयंपाकघरातला तेवढा मुका,” घरमालक म्हणाला. “दोन दिवस झाले. आज तो सुरू झालाच पाहिजे, ताई.”

दुरुस्तीवाल्या ताईंनी पिशवी खाली ठेवली. वायफायवर चालणारे चार स्पीकर आणि त्यातला एक रुसलेला, असली दुखणी त्या आठवड्यातून दोनदा तरी बरी करत.

“सगळीकडे एकदम गाणी लागत नाहीत, एवढंच ना?”

“गाणी गेली चुलीत.” त्यानं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तिकडचं इकडे ऐकू आलं पाहिजे. स्वयंपाकघरातलं. सगळं.”

ताईंच्या अंगावर काटा आला. त्यांचा नवराही असाच होता. कोणाशी बोललीस, किती वेळ बोललीस, हसलीस का? त्या घरातून बाहेर पडायला त्यांना नऊ वर्षं लागली. तेव्हापासून कान लावून बसणारा पुरुष दिसला की त्यांना निराळा पुरावा लागत नसे.

इथे तर पुरावेही मिळत गेले. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून नवीकोरी कडी; लाकडाचा भुसा अजून फरशीवरच. अभ्यासिकेत प्लग शोधताना टेबलाचा खण उघडला गेला, तर आत बिस्किटांचे पुडे रचलेले. घरमालक धावतच आला, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

चोरून खातो मेला, ताई मनात म्हणाल्या. बायकोला एक देत नसेल. आणि इतकं खाऊनही अंगाला काही लागलेलं दिसत नाही. पँट पट्ट्याच्या आधारानं कशीबशी टिकलीय.

स्वयंपाकघरात त्याची बायको भाजी चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“वहिनी, पाच मिनिटं तुमच्या मध्ये येते हं.”

“या ना.”

दोष पाच मिनिटांतच सापडला. रेंज वाढवायला भिंतीत खोचलेली डबी स्वतःच्याच नावाचं निराळं वायफाय सोडत होती आणि स्पीकर त्याला चिकटला होता. बाकीचे तिघं एका नेटवर्कवर, हा दुसऱ्यावर. एका घरात दोन चुली मांडल्यावर बोलणं खुंटणारच! ताईंनी आपला फोन त्या डबीला जोडून पाहिला. स्पीकर ठणठणीत होता, माइकसुद्धा; सुरी फळीवर आपटल्याचा आवाज फोनवर स्वच्छ येत होता. आता त्याला उचलून बाकीच्यांच्या पंक्तीला बसवलं की काम संपलं.

तेवढ्यात बायकोनं नळ पूर्ण सोडला. सिंकमध्ये पाणी धाडधाड आपटायला लागलं. ती ताईंच्या अगदी कानाशी आली.

“नका जोडू तो.”

“काय?”

“सगळ्या घरात एवढी एकच जागा उरलीय, जिथे मला श्वास घेता येतो. जोडलात तर संपले मी.”

बाहेर चपला वाजल्या आणि दाराशी थांबल्या. बायको तोवर पुन्हा भाजीपाशी. काय भीती असेल ही, की माणूस असं वाऱ्यासारखं हलायला शिकतं! ही भीती ताईंच्या ओळखीची होती.

“झालं का?” तो दारात उभा होता. “नळ कशाला एवढा सोडलाय?”

“भाजी धुतेय,” बायको म्हणाली.

ताईंनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. “माइक गेलाय, साहेब. पार्ट मागवावा लागेल. आठ दिवस धरून चाला.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आठ दिवस? अहो, आठ दिवसांत…” बायकोकडे नजर जाताच त्यानं वाक्य गिळलं. “नवा मिळेल का? आजच्या आज?”

“हे मॉडेल बंद झालंय.”

“मग दुसरं काहीही बसवा!”

त्यानं ओट्याची कड पकडली. बोटं थरथरत होती. राग गिळताना पुरुषांची बोटं अशीच थरथरतात, हे ताईंना पुरेपूर माहीत होतं. त्या नकळत एक पाऊल मागे सरल्या. आता हा हात उगारणार. माझ्यावर नाही, तर मी गेल्यावर तिच्यावर.

“घाई करून उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. आवाज फाटला, पण मान खाली गेली नाही.

तो सोडायला दारापर्यंत आला. “ताई, एक मिनिट. तुम्हाला एक सांगायचं…”

मागून बायको आली. हातात ताईंचा विसरलेला टेस्टर होता.

“काही नाही,” तो म्हणाला आणि आत गेला. पाठोपाठ नव्या कडीचा आवाज आला.

टेस्टर घेताना ताईंनी आपल्या नंबराची चिठ्ठी तिच्या मुठीत सरकवली. “कधीही फोन करा. माझ्याकडे एक खोली रिकामी असते. काही विचारणार नाही मी.”

“तुमचे उपकार कसे फेडू, ताई?” ती पहिल्यांदाच हसली.

ताईंची स्कूटर स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच लावलेली होती. किल्ली न फिरवता त्या तिच्यावर तशाच बसून राहिल्या. भरदुपारी घामानं पाठ ओली झाली होती. पण बरंही वाटत होतं. त्या नऊ वर्षांत आपल्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. आज आपण कोणासाठी तरी केलं.

खिशातून पाण्याचा आवाज यायला लागला. त्या दचकल्या. चाचणीसाठी जोडलेला फोन अजून त्या डबीवरच होता, स्पीकर स्वयंपाकघरातलं सगळं इमानदारीत ऐकवत होता. ताईंनी जीभ चावली. दुसऱ्याचं ऐकायचं पाप आपल्या हातून तरी नको. त्यांनी बंद करायला अंगठा नेला, तोच नळ थांबला आणि बायकोचा मोकळा, प्रसन्न आवाज आला.

“हं, बोल आता बिनधास्त, आठ दिवस त्याला काही ऐकू जायचं नाही… नाही रे, मागच्या वेळी कमी पडलं, म्हणून तर इस्पितळातून चालत घरी आला. आज सूपमध्ये दुप्पट घालते.”