नुसता खिळा

पोलंडमधल्या रादोम शहरातल्या या इमारतीत तळमजल्यावर राहायला येऊन आम्हाला आठवडाच झाला होता. सामान हलवताना आजीच्या क्रूसावरच्या येशूच्या डाव्या हाताचा अंगठा तुटला. तरी नव्या घरात पहिला खिळा ठोकला तो त्याच्यासाठीच. जानेवारीत फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात, तेव्हा घरात क्रूस असावाच लागतो. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरची गेनोवेफाबाई धापा टाकत खाली आली.

"अगं, तुझा क्रूस दे ना जरा. फादर वरून सुरुवात करतायत. तुझ्याकडे यायच्या आत आणून देते."

"वीस वर्षं राहताय इथे, आणि घरात क्रूस नाही?"

"आहे गं, सापडत नाहीये."

दिला. फादर दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत होते आणि माझा क्रूस कुणाकुणाच्या स्वेटरखाली लपून त्यांच्यापुढे पळत होता. तिसरा मजला, दुसरा, पहिला. पहिल्या मजल्यावरची बया मात्र फादरना हाताला धरून थेट माझ्या दारात घेऊन आली. क्रूस तिच्याच टेबलावर!

फादरनी माझ्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. बयेने हळहळून मान हलवली. फादर मला म्हणाले,

"लाज वाटायला हवी, बाई! वरच्या चारही घरांत, येशूचा अंगठा तुटलेला का असेना, पण क्रूस होता!"